ते पैसे मी मागितलेच नव्हते

"ओ... थांबा जरा! पैसे?"

रविवारची सकाळ होती आणि रोपवाटिकेत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही काखांत एकेक कुंडी धरून फाटकाकडे निघालेला तरुण हाक ऐकून वळला. गळक्या पाइपाच्या पाण्यात त्याचा एक बूट पुरता भिजला होता.

"दिले की मघाशीच," तो म्हणाला. "तुम्हाला दाखवलं पण."

"दाखवलंत. आले नाहीत."

रोपवाटिका अप्पांची. पण त्यांचे गुडघे दुखायला लागल्यापासून माती, खत, गिऱ्हाईक सगळं त्यांच्या एकुलत्या एक मुलीच्या अंगावर आलं होतं. सकाळपासून लोक फळीवर चिकटवलेला कोड स्कॅन करत होते, फोनवरची हिरवी खूण तिच्या नाकासमोर नाचवत होते आणि रोपं घेऊन चालू लागत होते. तिचे हात चिखलाने भरलेले, त्यामुळे आपला फोन उघडून बघायला सवड कुठली? आत्ता हात धुऊन बघितलं, तर सकाळपासून काहीच जमा झालेलं नव्हतं. बाकीचे सगळे केव्हाच घरी पोचले होते. हाताला लागला तो हा एकटा.

"असली हिरवी खूण हल्ली कुणीही बनवतं," ती म्हणाली. "कुंड्या खाली ठेवा."

चार माणसं वळून बघायला लागली. त्याचे कान लाल झाले. पण त्याने आवाज चढवला नाही. कुंड्या खाली ठेवल्या, पँटला हात पुसला आणि फोन उघडून तिच्यासमोर धरला.

"माझ्या खात्यातून गेलेत. हे बघा, या नावाला."

तिने वाचलं. नाव अनोळखी होतं... आणि कुणा पुरुषाचं.

"हा कोण?"

"म्हणजे... हे तुमचं खातं नाही?"

"मी पुरुष दिसते का तुम्हाला?"

"नाही," तो घाईघाईने म्हणाला. "अजिबात नाही."

ती हसली नाही. तरातरा फळीपाशी गेली. तोही मागोमाग गेला, वाकला आणि कोडाच्या कडेवरून नख फिरवलं.

"इथे उंचवटा लागतोय. किडक्या दातावर कॅप बसवतात ना, तसं काहीतरी वरून बसवलंय."

"तुम्हाला काय माहीत?"

"दातांचा डॉक्टर आहे मी. पलीकडच्या चौकात नवीन दवाखाना टाकलाय."

तिने कलमं करायचा चाकू घेतला आणि कडेखाली हळूच सरकवला. वरचा कागद सोलून निघाला. खाली तिचा स्वतःचा कोड, जिथल्या तिथे. कुणीतरी गर्दीचा फायदा घेऊन त्यावर आपला चिकटवून गेलं होतं, आणि अख्ख्या सकाळची कमाई त्या कुणाच्या तरी खिशात गेली होती.

ती तिथेच एका पालथ्या कुंडीवर बसली.

"मी... तुम्हाला चोर म्हणाले."

"म्हणाला नाहीत. नुसतं तसं बघितलंत."

"सॉरी. खरंच सॉरी."

"आधी बँकेला फोन लावू," तो म्हणाला. "ज्या खात्यात गेलेत त्याचा तपशील माझ्या फोनवर आहे. तो लागेल."

म्हणून तो थांबला. बँकेच्या फोनवर एकामागून एक बटणं दाबायला लावणारी ती बाई, मग वाट बघायला लावणारं संगीत, मग तेच सगळं पहिल्यापासून... या सगळ्यात दुपार झाली. तक्रार नोंदली गेली, पैसे काही परत मिळाले नाहीत. ते खातं आधीच रिकामं झालं होतं. गर्दी ओसरली तेव्हा तिला एकदम काहीतरी सुचलं.

"पण डॉक्टर, पैसे पाठवायच्या आधी नाव येतं की वर. तुम्ही वाचलं कसं नाहीत?"

तो गडबडला. "लक्ष... लक्ष नव्हतं. गुलाब बघत होतो."

"गुलाब तर तुमच्या पाठीमागे होते."

त्याने खाली बघितलं आणि बुटातलं पाणी झटकायला सुरुवात केली. ती पहिल्यांदा हसली.

त्या दिवसापासून रोपवाटिकेत शिस्त आली. कोड काचेखाली गेला, तिच्या कोपराशी. सकाळी फाटक उघडलं की अप्पा आपल्या फोनवरून त्यावर थोडे पैसे टाकून बघत, तिच्याच खात्यात पोचतात ना ते. आणि मेसेज वाजल्याशिवाय कुंडी जागची हलत नसे, मग समोर कुणी का असेना.

डॉक्टरांच्या कुंड्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत लागल्या. त्यांची तब्येत बघायला ती अधूनमधून जाऊ लागली. रोपांची तब्येत मुळात बरी होती, हे दोघांनाही माहीत होतं.

"पाणी फार घालताय तुम्ही," ती मातीत बोट खुपसून म्हणायची.

"मी नाही. पेशंट घालतात. घाबरलेल्या माणसाला हाताला काहीतरी काम लागतं."

"दात काढू नका."

"कमाल करता! मग खायचं काय मी? धंदाच तो आहे माझा."

कधी तो तिला फोनच्या गोष्टी समजावून सांगायचा, तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढून, अगदी गंभीरपणे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन मागितली की समजायचं, पैसे जाणार. फोनवर आलेले आकडे कुणालाही सांगायचे नाहीत. नाव वाचायचं...

"नाव वाचायचं, हे तुम्ही मला सांगताय?"

"मला अनुभव आहे," तो म्हणायचा.

त्याने मास्क परत वर चढवला की फक्त डोळे दिसायचे. त्या डोळ्यांकडे बघत राहावंसं वाटतं, हे तिच्या लक्षात आलं त्या दिवसापासून ती जरा कमी जाऊ लागली. तो विचारायला आला, "रोपांवर राग आहे का?" तर ती म्हणाली, "कामं आहेत." तो उगाचच एक तुळशीचं रोप विकत घेऊन परत गेला. मेसेज वाजेपर्यंत मात्र तिने त्यालाही उभं केलं.

आणि मग एका दुपारी ती मागे सावलीच्या जाळीखाली रोपांना पाणी देत होती, तेव्हा तिचा फोन टेबलावर वाजला. अप्पांनी उचलला.

"पार्सलवाला बोलतोय," पलीकडचा आवाज म्हणाला. "बियाणं आहे तुमचं. पत्ता पक्का करायचाय. मेसेजमध्ये आकडे आलेत बघा, तेवढे वाचून दाखवा."

अप्पा बियाण्याची वाटच बघत होते. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी आकडे वाचून दाखवले, वर "लवकर पाठवा हो" असंही सांगितलं.

थोड्या वेळाने मावशीचा फोन आला. ती भडकलेली होती.

"पैसे हवेत तर तोंड नाही का तुला? मेसेज कसले करतेस? आणि वर म्हणे फोन करू नकोस!"

"कसले पैसे, मावशी?"

मावशीने वाचून दाखवलं. 'अडचणीत आहे. आत्ता बोलता येणार नाही. या नंबरवर पैसे पाठव, संध्याकाळी परत करते.' तिच्याच नावाने, तिच्याच फोटोखाली. तिने मेसेजचं ॲप उघडलं, तर ते तिलाच आत घेईना.

अप्पांचा चेहरा पडला. "ते आकडे..." एवढंच ते म्हणाले. ती रागावली नाही. "अप्पा, तुम्ही तुमच्या फोनवरून सगळ्यांना लावा. पैसे पाठवू नका म्हणून सांगा," म्हणाली आणि स्वतःही एकेकाला फोन लावू लागली. खतवाल्याला संशय आला होता. मैत्रिणीने आवाज ऐकल्याशिवाय काही करायचं नाही असं ठरवलं होतं. कुणीच फसलं नव्हतं. डॉक्टर मात्र फोन उचलत नव्हते.

तिने तशीच चप्पल सरकवली आणि मातीच्या हातांनी निघाली.

तो नुकताच पेशंट आटपून हात धूत होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला.

"झालं का काम? अजून लागतील का? खरं तर दुसऱ्यांदा मागितलेत तेव्हा जरा काळजी वाटली..."

"डॉक्टर," ती म्हणाली. "ते पैसे मी मागितलेच नव्हते."

तो तसाच उभा राहिला, नळ चालू ठेवून. तिने जाऊन नळ बंद केला.

नव्या खुर्चीसाठी साठवलेले होते ते पैसे. जुनी खुर्ची मध्येच खाली बसायची, पेशंटसकट. आता त्याच खुर्चीवर बसून तो शून्यात बघत होता. तिनेच त्याच्या हातात फोन दिला.

"बँक. आत्ताच्या आत्ता. दुसरे पैसे कधी पाठवलेत?"

"मघाशीच."

"मग अजून त्यांच्या हाती लागले नसतील. लावा."

या वेळी बँकेतलं माणूस लवकर भेटलं. दुसऱ्यांदा पाठवलेले पैसे मधेच अडवता आले. पहिले गेले ते गेले. कागद घेऊन पोलीस चौकीत जा, असं त्यांनी सांगितलं. चौकीत हवालदार बाईंसमोर आणखी एक जण बसला होता, त्यामुळे दोघं बाहेरच्या बाकावर बसली. मध्ये एका माणसाची जागा सोडून.

तो हातातल्या कागदांची पुन्हा पुन्हा घडी घालत होता. मग तीच म्हणाली, "मावशीने फोन केला. खतवाल्याला संशय आला. तुम्ही फोन का नाही केलात? जगाला शिकवता ना तुम्ही?"

"करणार होतो."

"मग?"

"फोन केला असता तर तुम्ही म्हणाला असता, राहू दे, नको." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "तुम्ही कधी कुणाकडे काही मागत नाही. चहासुद्धा अर्धाच घेता. पहिल्यांदा काहीतरी मागितलंत... तेही माझ्याकडे. मला एवढं बरं वाटलं, की..." तो थांबला. "नावसुद्धा आलं होतं वर. भलतंच होतं. म्हटलं, असेल कुणी खतवाला."

मधली जागा थोडी कमी झाली. कोण सरकलं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"मूर्खपणा केला मी," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "केलात." आणि मातीने भरलेला आपला हात तिने त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो झटकला नाही, पुसलाही नाही.

"पुढचं कोण? या!" आतून आवाज आला.

हवालदार बाई मध्यमवयीन होत्या आणि त्यांना घाई नव्हती. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, अप्पांनी उचललेल्या त्या फोनचा नंबर उतरवून घेतला. मग पेन थांबवून डॉक्टरांकडे बघितलं.

"म्हणजे मेसेज आला यांच्या नावाने, आणि पैसे पाठवलेत तुम्ही. या तुमच्या कोण?"

"या... ओळखीच्या."

"नुसत्या ओळखीच्या माणसाला एवढे पैसे पाठवता? तेही दोनदा?"

त्याची दातखीळ बसली. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा बाईंकडे.

"लिहा," ती म्हणाली. "आमचं लग्न ठरलंय."

तो गर्रकन वळला. "कधी?"

"आत्ता," ती म्हणाली. "म्हणजे... तुमची काही हरकत नसेल तर."

"हरकत? माझी? नाही... म्हणजे, अजिबात..."

हवालदार बाईंनी पेनचं टोपण लावलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"खोटं काही लिहायचं नसतं मला," त्या म्हणाल्या. "बाहेर जाऊन आधी नीट ठरवून या. तोवर मी चहा घेते."

बाईंचा चहा संपला, कप विसळून झाला, तरी ती दोघं आत आली नव्हती. बाईंनी दारातून डोकावून बघितलं, तर बाकावर दोघांच्या मध्ये आता जागाच उरली नव्हती. मग त्या परत आत जाऊन बसल्या.