मायाआत्याने निवडलेलं घर

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायचीच असती तर अमावास्या घेतली असती, एखादी पडकी विहीर घेतली असती.

हे घडलं मागच्या जूनमध्ये, फ्रान्समधल्या ओव्हेर्न नावाच्या भागातल्या एका खेड्यात. आणि जवळजवळ सगळं उजेडात घडलं.

जिच्यासोबत घडलं ती माझी सख्खी आत्या, माया. नागपूरच्या नंदनवन वस्तीत राहते. तिच्यासोबत माझी मोठी बहीण मिनल होती. दोघींनी मला हे वेगवेगळं सांगितलं.

दोघींचं जुळलं. म्हणून लिहितोय.

आत्या टपाल खात्यात नोकरीला होती. तिचे मिस्टर रुपराव. त्यांनी कधी मारझोड केली नाही, आवाजही चढवला नाही. पण घरातला पंखा कितीवर फिरेल हेसुद्धा तेच ठरवायचे. आत्याला ते नावाने हाक मारत नसत. बैठकीत बसून स्टीलचा ग्लास फरशीवर आपटायचे.

ठक्... ठक्.

की आत्या असेल तिथून उठायची आणि चहा मांडायची.

लग्नानंतर एकदा दोघं पचमढीला निघाले होते. आत्या नवी साडी नेसली होती. बसस्टँडवर तिला बॅगांपाशी बसवून रुपराव लॉजचे भाव विचारायला फोनवर गेले. परत आले आणि थेट बॅगच उचलली.

"लॉज महाग हाये. चाल घरी."

त्यानंतर आत्या फिरायला म्हणून कुठेच गेली नाही. रुपराव वारले तेव्हा तिचे केस पिकलेले होते.

पुढच्या वर्षी मिनलनेच फ्रान्सला जायचा विषय काढला. ती कंपनीत फ्रेंच ग्राहकांशी फोनवर बोलते, भाषा तिला येते. आत्या आधी नाहीच म्हणाली. मग एक दिवस स्वतःच पासपोर्टचे फोटो काढून आली.

मे महिन्यातली दुपार. कूलर घरघरत होता. लॅपटॉपवर दोघी राहायच्या जागा बघत होत्या. पॅरिस परवडणारं नव्हतंच, खेड्यात स्वस्त पडत होतं. बघता बघता तीन जागा उरल्या. एक हॉटेल, ते जरा महाग. दुसरी एका शेतकऱ्याच्या घरातली खोली, तिथे रात्री सगळ्या पाहुण्यांनी एकाच लांब टेबलावर जेवायचं. आणि तिसरं, गावाच्या टोकाला काळ्या दगडाचं आख्खं घर. टीव्ही नाही, नेट नाही, म्हणून सगळ्यात स्वस्त.

"शेतावरचं घे न आत्या. चार माणसं भेटतील."

"मले माणसं नको वं. कोणी हाक मारणार नाही असं घर पाहिजे. हे काळं घे."

आयुष्यात पहिल्यांदा तिने काही स्वतः निवडलं होतं. मिनलने घरमालकिणीशी फोनवर बोलून घर ठरवलं. दोघींसाठी.

तिथे पोचल्या तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि बाहेर ऊन होतं. आत्याला ते काही केल्या पटेना. जून महिन्यात तिकडे सूर्य फार उशिरा मावळतो, मिनलने समजावलं. घर फोटोतल्यासारखंच होतं. खाली दगडी फरशीचं स्वयंपाकघर, वर झोपायची खोली. मागे उतारावर गवत, आणि त्यापलीकडे गोल गोल जुने डोंगर.

घरमालकीण मादाम सोलांज म्हातारी होती, पण ताठ. तिने किल्ली दिली. तिकडे सकाळची कॉफी वाडग्यातून पितात. कपाटातून तसे वाडगे काढून तिने टेबलावर मांडले.

तीन.

मिनल काहीतरी बोलली. मादामने आत्याच्या खांद्यामागे पाहिलं, हसली, आणि तिसरा वाडगा तसाच ठेवून गेली. जाताना दारातून एकच शब्द म्हणाली, तो आत्याच्या कानात राहिला.

"मस्यू."

"काय म्हणे ते?"

"काही नाही. गुड नाईट म्हणे," मिनल म्हणाली.

पहिले दोन दिवस आत्या लहान पोरीसारखी वागली. चप्पल काढून गवतात चालली. दुपारी चार वाजता झोपून उठली आणि पुन्हा झोपली. मिनलने तिला गाणं गुणगुणताना पहिल्यांदा ऐकलं.

फक्त एक होतं...

रोज सकाळी पावाची गाडी यायची, भोंगा वाजवत. गाडीतली बाई मिनलला तिने मागितलेला पाव द्यायची. आणि न मागता एक जास्तीचा. देताना घराच्या खिडकीकडे हात हलवायची.

"मस्यू," ती म्हणायची.

आत्या खिडकीकडे बघायची.

खिडकीत कोणी नसायचं.

"मिनल, हे मस्यू म्हणजे काय वं?"

"असंच... आदराने म्हणतात."

मिनलने तेव्हा खरं सांगितलं नाही. आत्याची सुट्टी नासवायची नव्हती तिला. पण त्या दिवसापासून ती आत्याला एकटं सोडेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी मिनल मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. आत्या वर पडली होती. खिडकीतून ऊन येत होतं. सगळं शांत.

खालून आवाज आला...

ठक्... ठक्.

आत्या उठली. जिना उतरली. पातेल्यात पाणी घेतलं, शेगडी पेटवली. नागपूरहून आणलेली चहाची पुडी उघडली, साखर टाकली. आलं सापडेना म्हणून कपाटं धुंडाळली. चहा गाळला.

चहा हातात घेऊन ती वळली...

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण कुठे आहोत.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. टेबलाजवळची खुर्ची मात्र टेबलाकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून ठेवलेली होती. रुपराव नंदनवनात अशीच ठेवायचे. रस्त्यावरून कोण गेलं ते दिसावं म्हणून.

आत्याने चहा मोरीत ओतला. हात भाजला तेही कळलं नाही.

त्या घरात स्टीलचा ग्लास नव्हता. तिने शोधला. सगळे चिनी मातीचे वाडगे आणि काचेची भांडी.

मिनलला ती काही बोलली नाही. "कोणाले काय सांगू? म्हातारी बिघडली म्हणतील," असं मला नंतर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघी चर्चकडून परत येत होत्या. वाटेत मादाम सोलांज भेटली. थांबली, बोलायला लागली. पण ती मिनलशी बोलत नव्हती. आत्याशीही नाही. आत्याच्या डाव्या बाजूला, रिकाम्या रस्त्याकडे बघून बोलत होती. मध्येच थांबायची. मान डोलवायची. मग पुन्हा बोलायची.

जसं कोणी उत्तर देतंय...

आत्याने मिनलच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पोरीचा रंग उडाला होता.

"काय म्हणून राहिली ते? खरं सांग वं मिनल. तुले माझी शपथ हाये."

मिनलने आत्याचा हात धरला.

"ती म्हणते... मस्यूंच्या पायाची सूज आज बरी दिसते. मस्यू म्हणजे साहेब, आत्या. तुझ्यासोबत आलेले साहेब."

शेवटच्या वर्षात रुपरावांचा डावा पाय सुजायचा. मिनलने हे त्या गावात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं कारणच नव्हतं.

"अजून काय म्हणे?"

"म्हणे, उद्या तुम्ही घर सोडताय ते कळलं. साहेबांनी सकाळी अंगणात सांगितलं. घर महाग पडतं म्हणाले. तिने उद्यापासून दुसऱ्या पाहुण्यांना देऊनही टाकलं."

आत्या रस्त्यातच खाली बसली.

मिनल मादामशी भांडली. आम्ही दोघीच आहोत, आमच्यासोबत पुरुष नाही, असं तीनतीनदा सांगितलं. मादामने तिच्याकडे दयेने पाहिलं, घरातलं भांडण चव्हाट्यावर आणणाऱ्या पोरीकडे बघावं तसं. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, ती म्हणाली, आणि निघून गेली.

"ते फ्रेंचमध्ये बोलले का वं?" आत्याने विचारलं.

मिनलला हसू की रडू कळेना.

"आपण आत्ताच निघू, आत्या."

"नाही. घर उद्यापर्यंत माझं हाये."

संध्याकाळी आत्या स्वयंपाकघरात बसली. खुर्चीसमोर नाही, भिंतीजवळच्या बाकावर. मिनल जिन्यात उभी होती. पुढचं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

बाहेर पिवळं ऊन. दूर कुठेतरी गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

मग त्या वाजायच्या थांबल्या...

ठक्... ठक्.

आत्याच्या मांड्या उठायला लागल्या. तिने दोन्ही हातांनी बाकाची कड पकडली.

"मी नाही उठत," ती म्हणाली.

ठक्... ठक्.

"पचमढीच्या बसस्टँडवर मी रडली नव्हती. तुमाले वाटलं मले काही वाटलं नाही. साऱ्या जिनगानीत एकदा मी माझ्या मनानं घर पाह्यलं. तेही तुमाले खपलं नाही. मेल्यावरबी खपलं नाही."

ठक् ठक्.

"काहून आले तुम्ही इथं? कोणी बलावलं होतं?"

ठक् ठक् ठक् ठक्...

मिनल सांगते, फरशी तडकेल असं वाटलं. तिने कानांवर हात ठेवले. आत्या बाक पकडून बसली होती. अंगभर घाम, ओठ दाबलेले, गुडघे लटलट कापत होते. भीतीने नाही. उठण्यासाठी कापत होते. ती त्यांना दाबून धरत होती.

ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं. आवाज थांबायचा, पुन्हा यायचा.

अंधार पडता पडता एकदाच आवाज आला. हळू. जवळजवळ विनवल्यासारखा.

ठक्...

आत्या उठली नाही.

मग काहीच आलं नाही. लांबच्या घंटा पुन्हा ऐकू यायला लागल्या.

सकाळी मादाम किल्ली घ्यायला आली. बॅगा दारात होत्या. तिने इकडेतिकडे पाहिलं, मग स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं.

"मस्यू?" तिने विचारलं.

या वेळी आत्याला शब्द कळला.

"सांग तिले," ती मिनलला म्हणाली, "ते इथंच राहणार हायेत."

"आत्या, असं नको म्हणू."

"सांग."

मिनलने सांगितलं. मादामने खांदे उडवले, म्हणजे ठीक आहे, त्यांची मर्जी. आत्या वळून न बघता चालत सुटली.

उरलेले दिवस त्या शेतकऱ्याच्या घरी राहिल्या. लांब टेबलावर, अनोळखी माणसांत. आत्या कोणाचं काही न कळता सगळ्यांसोबत हसली. मिनलच्या मोबाइलमध्ये फोटो आहेत. मी आत्याला अशी कधी पाहिली नव्हती. फोटोत तिच्या डाव्या बाजूला कोणी नाही. मी नीट पाहिलं.

नागपूरला परतल्यावर घर शांत होतं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. आत्याने बैठकीचा रंग बदलला. पंखा पाचवर.

मग नोव्हेंबरात, रविवारी आम्ही सगळे आत्याकडे जेवायला बसलो असताना मिनलचा फोन वाजला.

परदेशी नंबर होता. मादाम सोलांज.

मिनलने फोन स्पीकरवर टाकला आणि ती बोलेल तसं आम्हाला सांगत गेली. तिचा आवाज बसत चालला होता.

"म्हणते, थंडी सुरू झाली. घर बंद करायचं आहे, पाण्याचे नळ बंद करायचे आहेत... पण मस्यू खुर्चीवरून उठत नाहीत. आता बोलतही नाहीत. तुम्ही येऊन त्यांना घेऊन जा म्हणते."

मादाम क्षणभर थांबली. त्या शांततेत, तिच्या मागून कुठूनतरी आवाज आला...

ठक्... ठक्.

मी ऐकलं. माझ्या बाबांनी ऐकलं. आत्या ताटावरून अर्धी उठली होती. वरणाचा हात तसाच हवेत.

मग ती खाली बसली. तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"सांग तिले. म्हणाव, तो माझा कोणी नाही."

मिनलने सांगितलं.

पलीकडे खुर्ची दगडी फरशीवर सरकली. सावकाश. जड. एक पाय ओढत कोणीतरी चाललं. दार करकरलं.

मादाम हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते, उठले. निघाले ते."

"कुठं?" बाबांनी विचारलं.

मिनलने विचारलं. उत्तर एका शब्दाचं होतं. तिने ते सांगितलं तेव्हा आमच्यापैकी कोणीच पुढचा घास घेतला नाही.

"घरी."

त्यानंतर त्या नंबरवर फोन लागत नाही. आत्याच्या घरी अजूनपर्यंत काही झालेलं नाही, हेही खरं. मी आठवड्यातून दोनदा जातो. पण बेल वाजवताना माझा हात अडतो, कारण आतमध्ये ती दचकते हे मला माहीत आहे. म्हणून आधी रस्त्यावरूनच हाक मारतो.

परवा मी तिला विचारलं, "आत्या, भीती वाटते का?"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भीती नाही वाटत गा. राग येते. त्याचा नाही, माझा."

"तुझा काहून?"

"थो आला न, अन् त्यानं दार वाजवलं... तर मी उठून उघडीन. हे मले माहीत हाये."