येते म्हणावं

बस गं दिशा, खाली बस. "सर, जाते मी" म्हणून उठलीस, आता मी तुला तशी सोडत नसतो. घर समोरच आहे, कुणी उचलून नेत नाही. ओंकार, तो मोबाईल पालथा ठेव, उजेड डोळ्यांवर येतो.

परवा एकटी गोकर्णला निघालीस म्हणे. जा की. मी अडवणारा कोण? आणि अडवलं तरी तू थोडीच ऐकणार आहेस. माझं म्हणणं फक्त एका शब्दापुरतं आहे. तो शब्द मी एकदा एका पोरीला म्हणायला लावला, आणि त्याला दोन वर्षं होऊन गेली तरी मला धड झोप नाही.

साखर कारखान्यातला सॅमसन फिटर माहीत आहे ना? हरेगाव रस्त्याला निलगिरीच्या झाडांमागं घर आहे तो. त्याची जेनिफर माझी विद्यार्थिनी. हुशार पोर, पण मराठी शुद्धलेखनात पार कच्ची. पुढं तर मेसेजसुद्धा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून पाठवायची. मी तिला चिडवायचो, "अगं, आपली अक्षरं काय गहाण ठेवलीस का?" ती हसायची. नर्सिंग करून ती आयर्लंडला गेली. आठ वर्षं अत्यवस्थ रोग्यांच्या वॉर्डात काढली. माणसं हातातून जाताना बघून बघून ती आतून दमून गेली होती. शेवटी पंधरा दिवसांची रजा काढली आणि एकटीच कॅरिबियनमधल्या एका लहानशा बेटावर जाऊन राहिली. बेटाचं नाव सांगत नाही, तुम्ही लगेच शोधत बसाल.

त्या बेटावर ज्वालामुखी आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तो उठला आणि त्यानं अख्खं शहर राखेखाली घातलं. उरलेली माणसं बेटाच्या दुसऱ्या टोकाला सरकली. थोडकी वस्ती, काळी वाळू, रस्त्यावर शेळ्या, बाकी शांत. तिला तेच हवं होतं. "बाबा, इथं मला कुणी सिस्टर म्हणून हाक मारत नाही," असं म्हणाली आणि पहिले दोन दिवस नुसती झोपली. आपल्या रात्री साडेनऊला तिकडं दुपारचे बारा. रोज त्या वेळेला व्हिडिओ कॉल यायचा. तिच्या आईचा, फिलोमिनावहिनींचा, एकच नियम होता, कुठंही गेलीस तरी "पोहोचले" एवढं कळवायचं. ते कळलं की मगच त्या अंथरुणाला पाठ टेकायच्या.

तिसऱ्या दिवशी फिरताना रस्त्याच्या टोकाला तिला एक म्हातारी दिसली. ओसरीत वेताच्या खुर्चीवर बसलेली. हिनं हात केला, म्हातारीनं बसायला खूण केली. बोलणं काहीच नाही. ही अर्धा तास बसली, बरं वाटलं. उठताना तोंडातून सवयीनं गेलं, "येते हं." म्हातारीनं मान हलवली, जणू समजलं. मग रोजच ते सुरू झालं. रोज जायची, बसायची आणि निघताना म्हणायची, "येते हं."

सॅमसन मला कौतुकानं सांगायचा, "मास्तर, पोरगी तितं जाऊनबी इसरली न्हाई बगा."

आता त्या रात्रीचं सांगतो. चौदा फेब्रुवारी, दोन हजार चोवीस, बुधवार. ह्यांचा राखेचा बुधवार. उपासाचे दिवस त्या दिवशी सुरू होतात आणि चर्चमध्ये कपाळाला राख लावतात. मी जेवून शतपावली करत होतो, तेवढ्यात सॅमसनचा निरोप आला. फोनचा आवाज बंद झालाय, जरा येऊन बघा. गेलो. वहिनी भाकरी थापता थापता बोलतात, त्यामुळं फोनच्या जाळीत पीठ गेलं होतं. जुना टूथब्रश घेऊन बसलो. सॅमसन कपाळावरची राख तशीच ठेवून समोर बसला होता. दुसऱ्या दिवशी जेनिफर परत निघणार म्हणून दोघं खुशीत होते.

नऊ चाळीसला कॉल आला. चित्र आलं, आवाज नाही. ती चालत होती. ओठ हलत होते. भरभर बोलत होती… आणि रडत होती.

मी ब्रश जोरात फिरवला. एकदम आवाज आला.

"…तीनदा मागं फिरले, बाबा. तीनदा. बंदरावर तिकीट बघायला निघाले होते. रस्ता परत इथंच येतोय."

"कुटं येतोय?" सॅमसननं विचारलं.

"त्या आजीकडं. घरमालकीण म्हणते, तिकडं कुणीच राहत नाही. ते घर छपरापर्यंत राखेत आहे म्हणते. पण मी रोज ओसरीत बसलेय ना…"

तिनं फोन फिरवला. आम्हाला ओसरी दिसली. स्वच्छ. वेताची खुर्ची. रिकामी.

"दिसली? ती बघा, बसलीय."

आम्ही तिघंही फोनवर वाकलो. खुर्चीत कुणी नव्हतं.

"बोलतेय ती…" जेनिफरचा आवाज अगदी बारीक झाला. "सर, तुम्ही आहात ना तिथं? सर, तिला मराठी कसं येतं?"

माझ्या हातातून ब्रश पडला.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"म्हणते… रोज येते म्हणतेस. मग ये ना."

सॅमसन उभा राहिला, खाली बसला, परत उभा राहिला. "जेनी, पळ. पळ गं माजे बाय." ती म्हणाली, "पाय उचलत नाहीत, बाबा." आठ-दहा हजार मैलांवर पोर, आणि बाप हातातल्या काचेला धरून बसलेला. ती काच त्यानं छातीशी धरली, परत समोर धरली. मी आयुष्यात असा लाचार माणूस पाहिला नाही.

आणि इथं माझी मास्तरकी नडली. मला वाटलं, शब्दानं बांधलंय तर शब्दानंच सुटेल. मी म्हणालो, "जेनिफर, तू तिला येते म्हणालीस, ते मोड. जाते म्हण."

वहिनी किंचाळल्या नाहीत. नुसता माझा हात धरला. "भाऊ, त्यो शबुद नगा. माज्या लेकराला त्यो शबुद नगा बोलायला लावू."

मी ऐकलं नाही. "एकदाच म्हण, बाळ. जाते म्हण."

वारा नाही… पाखरू नाही. मग चित्रात राख पडायला लागली. हळू. तिच्या केसांवर. पापण्यांवर. कपाळावर.

तिनं फोन परत फिरवला. स्वतःकडं. म्हातारीकडं पाठ. आमच्याकडं तोंड.

त्या म्हातारीला म्हणायचं होतं, रे. त्या खुर्चीला म्हणायचं होतं. एवढं एक वाक्य माझं सांगायचं राहून गेलं.

ती बापाकडं बघत राहिली.

"बाबा… जाते."

कॉल तुटला.

पुढं काय सांगू? रात्रभर फोन लावले, लागला नाही. घरमालकिणीनं पोलीस नेले. खोलीत बॅग भरलेली होती, पासपोर्ट वर ठेवलेला. राखेखालच्या भागात जायला बंदी आहे, तिथल्या फाटकापलीकडं ते घर सापडलं. नुसतं छप्पर वर, बाकी सगळं राखेत. त्या राखेवर तिचा फोन पडला होता. आत राख भरून मेलेला, चालू होईना. पाऊल एकही नाही. तिथल्या पोलिसांनी शुक्रवारी तो फोन पाकिटात घालून कुलपात ठेवला, तसं पत्र सॅमसनकडं आहे, मी वाचून दाखवलंय त्याला.

शनिवारी रात्री मी त्यांच्याकडंच होतो. कुणी जेवलं नव्हतं. साडेनऊला सॅमसनचा फोन वाजला. मेसेजचा आवाज. नंबर जेनिफरचा. सॅमसनला चष्म्याशिवाय दिसेना, त्यानं फोन माझ्याकडं दिला. एकच शब्द होता. इंग्रजी अक्षरांत नाही, आपल्या अक्षरांत. आणि शुद्धलेखनाची एक चूक नाही.

"पोहोचले."