पुलानंतरची पावलं

बसा, पण मधे कुणी हसायचं नाही. हा माणूस तुम्ही पाहिलेला आहे म्हणून सांगतोय. माझ्या दुकानाला लागून दुकान आहे ना, तो चष्मेवाला. भूतबित मानणाऱ्यांतला तो नव्हे. तसा तो काहीच मानायचा नाही. बायकोचं म्हणणं तर मुळीच नाही.

बायको कित्येक वर्षं मागे लागली होती, आठवडाभर कुठेतरी जाऊ या म्हणून. दर वेळी याचं दुकान आडवं यायचं. शेवटी मुलीनंच परस्पर एका खेड्यात घर ठरवून दिलं. शेताच्या कडेला दोन खोल्या, मागच्या अंगाला घरमालक. हे दोघं तिथे पोहोचले आणि पाऊस जो लागला, तो लागलाच. हा आपला खिडकीशी बसून कुरकुरतोय, "हे बघायला आणलंस मला? चिखल काय आपल्याकडे कमी होता?"

मागच्या ऑगस्टचा दुसरा शनिवार. संध्याकाळी दूध संपलं. दुकान लांब, पार तिठ्यावर. हा निघाला तशी ती म्हणाली, "अहो, मीपण येते. आल्यापासून बाहेर पाऊल टाकलेलं नाही."

"चल. पण सारखं थांबा थांबा करायचं नाही."

त्याची चाल तुम्हाला माहीत आहे. तो पुढे, ती मागे, लग्न झाल्यापासून हे असंच. दूध घेऊन परत फिरले तेव्हा अंधारून आलं होतं. पावसानं जोर धरला. कानावर ओढलेल्या रेनकोटच्या टोपीवर थेंब नुसते ताडताड वाजत होते. वाटेत ओढ्यावर एक छोटा पूल लागतो, बिनकठड्याचा. "कडेनं चालू नकोस," एवढं तो म्हणाला. मागे वळून मात्र पाहिलं नाही.

पुलानंतर मागून चिखलातली पावलं येत राहिली. पचक... पचक. याचं तोंड चालूच. दुकान बंद ठेवावं लागलं, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं असेल, सगळं तुझ्या हौसेपायी. एरवी ती काहीतरी बोलली असती. आज मागून फक्त आलं, "हं."

याला ते बरं वाटलं. कुणीतरी ऐकून घेतंय म्हटल्यावर तो मोकळा होत गेला. वडिलांनी जबरदस्तीनं दुकानात बसवलं ते बोलला. मुलीच्या लग्नात गुपचूप रडलो ते बोलला. "हं." एका जुन्या फजितीवर मोठ्यानं हसला. मग चालता चालता म्हणाला, "खरं सांगू? तू समोर असलीस ना, की मला हे काहीच बोलता येत नाही."

मागची पावलं थांबली नाहीत.

"हं."

जरा जवळून आलं. अगदी कानाशी.

फाटक आलं. पिशवी तिच्या हातात द्यायला तो वळला.

रस्ता रिकामा. पाऊस... आणि रस्ता.

रुसून वाटेतूनच परत दुकानाकडे वळली असेल, असं त्याला वाटलं. कपडे बदलले. चहा केला. स्वतःपुरता. प्यायला. तरी ती येईना, तेव्हा घरमालकाला उठवून बॅटरी घेऊन निघाला.

ती पुलाखाली सापडली. कडेवरून पाय घसरला होता. मांडीचं हाड मोडलेलं, कमरेपर्यंत पाण्यात, झुडूप धरून पडलेली. शुद्धीवर होती. रडत नव्हती. बॅटरीच्या उजेडात त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

इस्पितळात दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "अगं, हाक तरी मारायचीस."

"मारली ना. घसा फुटेस्तोवर मारली. तेवढ्यात माझ्या डोक्यावरून, पुलावरून कुणीतरी गेलं. तुमच्या मागे."

"कोण?"

"बाई होती. पाठमोरी. चाल माझीच..."

तीच पुढे म्हणाली, "मग तुमचा आवाज ऐकू आला. बोलत होतात. हसलातसुद्धा. इतक्या वर्षांत माझ्याशी असं कधी बोलला नाहीत." तिनं पांघरूण वर ओढलं. "म्हणून मी हाका मारायच्या सोडल्या."

पाय सांधला. ती इस्पितळातून थेट मुलीकडे गेली. परत आली नाही. हा दोनदा आणायला गेला. तिनं चहा दिला, खुशाली विचारली आणि दारापर्यंत पोचवलं. बस्स.

मे महिन्यात मी त्याच्या घरी गेलो होतो. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं. दारामागे खुंटीला त्याचा रेनकोट, पाठ आमच्याकडे करून टांगलेला. खांद्याच्या जरा खाली चिखलाचा पंजा उमटलेला. बाईमाणसाचा, लहानसा. बोटं पसरलेली.

"हे धुवायचं नाही का रे?" मी विचारलं.

"रोज धुतो," तो म्हणाला.

मी त्या पंजाला बोट लावून पाहिलं...

ओला होता.