बुडबुड्यांतलं तांबं

नमुन्याच्या नळातून हिरवट, गरम पाणी बादलीत पडत होतं आणि प्रकल्पाची भूशास्त्रज्ञ सुनेत्रा खानोलकर वैतागून त्याकडे बघत होती. अंदमानच्या समुद्रातल्या त्या ज्वालामुखी बेटावर आता कुणी खाण खणत नसे. खोल विंधणविहिरीतून तांबं असं पाण्यात विरघळूनच वर यायचं.

"विश्राम, तांब्याचं प्रमाण कालच्या दीडपट झालंय."

"मग तोंड का पाडलंस?" प्रकल्पप्रमुख विश्राम केळुसकर हसला. दोघं कॉलेजपासूनचे मित्र.

"अरे, किती वेळा सांगू? खाली शिलारसात वाफ आणि गंधकाचे वायू विरघळलेत. आपण उपसा करून दाब कमी केला की सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्यांचे बुडबुडे सुटतात आणि शिलारसात विखुरलेलं तांबं घेऊन वर येतात. निसर्गाला खनिजाचा साठा करायला हजारो वर्षं लागतात. आपल्याला घाई! तांबं वाढलं म्हणजे बुडबुडे वाढले, आणि त्यांनी शिलारस फुगतोय. उपसा कमी कर."

"मुख्यालयाला कळवतो."

"गेल्या आठवड्यातही हेच म्हणालास."

"अगं, त्यांची बैठक आहे."

"मग ज्वालामुखीला थांबायला सांगू?"

दुपारी कॅन्टीनमधले कप थरथरले. गंधकाचा उग्र वास आला. सुनेत्रा जेवणावरून उठली, तडक नियंत्रण कक्षात गेली आणि तिने विहिरीची झडप बंद केली.

विश्राम धावत आला. "कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. विचारून विचारून कंटाळले."

हादरे थांबले. विश्राम खुर्चीत बसला. "बरं केलंस," तो हळूच म्हणाला.

पण थोड्याच वेळात पडद्यावरची एक रेघ चढू लागली. पूर्वेच्या उतारावर, कामगारांच्या वस्तीखालची जमीन वर येत होती. विहिरीची वाट बंद झालेला वायू तिकडे सरकत होता.

"वस्ती रिकामी कर!"

या वेळी विश्रामने मुख्यालयाला विचारलं नाही. भोंगा त्याने स्वतःच वाजवला. खिडकीतून दिसत होतं, माणसं मुलांना कडेवर घेऊन धक्क्याकडे निघाली होती. बोटी अजून लांब होत्या.

झडप उघडली, तर दाब उतरून आणखी बुडबुडे सुटणार. बंद ठेवली, तर सगळा जोर वस्तीखाली.

"सुनेत्रा," झडपेच्या कळीवर हात ठेवून विश्राम म्हणाला, "आता तू म्हणशील तसं. उघडू की नको?"

खिडकीतून दिसणाऱ्या बोटी आणि पडद्यावरची रेघ, दोन्हींकडे बघत सुनेत्रा आधी कोण पोचेल याचा हिशेब करू लागली.