पेडलमागचं जाळं

हे खरं घडलेलं आहे. पटलं तर पटलं, नाही तर सोडून द्या.

आम्ही बौद्ध. भूतप्रेत आमच्या घरात कोणी मानलं नाही. मीही नाही. आणि वेळ रात्रीचीही नव्हती. शुक्रवार, १६ मे २००८. दुपारचे साडेबारा. जागा, माझ्या घराचं अंगण. गाव नाकाडोंगरीच्या पुढे, बपेऱ्याच्या रस्त्याला.

माझी बायको रत्नमाला त्याच वर्षी फेब्रुवारीत गेली. सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. अंगणात आमची जुनी डिझेल जीप उभी होती. चावी फिरवली. सेल्फ टक् करून गप्प. बॅटरी उतरलेली. माणसं गोळा करून धक्का मारेपर्यंत पाऊण तास गेला.

तुमसरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा ती नव्हती.

मे महिन्यात मुलगी तृप्ती पहिल्या बाळंतपणाला घरी आली. नववा महिना. जावई भूपेंद्र वरठीला कारखान्यात आहे. त्याचा फोन आला.

"मामाजी, राग नोका मानू. रविवारी मी येतो. जीप चालू नसन तं तृप्तीले घेऊन जातो. मागच्या वक्ती काय झालं, तुमाले मालूम हाय."

मालूम होतं.

म्हणून चार दिवस मी त्या जीपच्या मागे लागलो होतो. बॅटरी चार्ज करतो त्या अल्टरनेटरचा पट्टा बदलला. बॅटरी बाहेरून चार्ज करून आणली, तिची टोकं घासली. अर्थिंगची वायर नवी लावली. अल्टरनेटरमधले कार्बनही बदलले. तरी चार्जिंग नाही म्हणजे नाही. इंजिन चालू असताना मीटरवर चौदा व्होल्टच्या आसपास यायला पाहिजे. यायचे बारा. मग पावणेबारा.

नाकाडोंगरीचा मिस्त्री केवळराम सकाळपासून सोबत होता. त्याने वरूनच, हाताने इंजिनवरच्या डिझेल पंपाची दांडी ओढून थोडी रेस दिली. जास्त द्यायला घाबरत होता.

"भाऊ, अल्टरनेटर खोलून पायला, चांगला हाय. जीपच म्हातारी झाली तुमची. इले आता पेन्शन द्या."

"तुलेच देतो पेन्शन. परवा रविवार हाय न बे!"

"मंग जेवून येतो. उपाशी पोटानं फॉल्ट नाही सापडत."

तो गेला. तृप्ती आत झोपली होती.

मी खाली उभं राहूनच चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. समोर जाऊन बोनेटमध्ये वाकलो. मीटरच्या वायरी बॅटरीला लावल्या.

बारा... पावणेबारा...

डोकं फिरलं होतं. पाठीवर ऊन. घाम मीटरच्या काचेवर पडत होता. चार दिवसांची मेहनत, आणि आकडा तोच. सवयीने मी ओरडलो...

"रेस दे!"

इंजिन वाढलं.

बारा... साडेबारा...

"अजून दे!"

इंजिन किंचाळायला लागलं. बोनेट थरथरलं. आणि आकडा एकदम चढला. चौदा पूर्णांक दोन!

"बस!"

रेस उतरली नाही.

"बस म्हटलं ना! एका हाकेत आयकू येत नाही काय तुले?"

रेस उतरली. आकडा मात्र चौदावरच राहिला. मी खूश झालो. हात पुसले. "झालं, उतर खाली," म्हणालो आणि बोनेटच्या बाजूने डोकं काढलं...

सीटवर कोणी नव्हतं.

वीस वर्षं हे काम आम्ही दोघंच करत होतो. मी बोनेटमध्ये, रत्नमाला पेडलवर. इतकी रेस फक्त तीच द्यायची. आणि पहिल्या हाकेत तिने ती कधी सोडली नाही.

केवळराम परत आला तेव्हा मी जमिनीवर बसलो होतो. सगळं सांगितलं. तो हसला.

"रेसची केबल अटकली असन, भाऊ."

तो गाडीत वाकला.

"पेडलले कोणी पाय लावला होता काय?"

"नाही."

"इकडं या..."

पेडलच्या मागे कोळ्याचं जाळं होतं. पेडलपासून खालच्या पत्र्यापर्यंत. अख्खं. त्यातला एकही धागा तुटलेला नव्हता.

केवळरामने इंजिन बंद केलं. चावी पुन्हा अर्धी फिरवली. डॅशबोर्डकडे पाहत राहिला.

"भाऊ, चार्जिंगचा लाल दिवा लागत नाही. बल्ब उडाला हाय. अल्टरनेटरले पहिला करंट त्याच्यातूनच जाते. तो नाही, तं जोरात रेस देल्याबिगर चार्जिंग चालूच होत नाही."

मी वाकून तो विझलेला दिवा पाहिला.

जानेवारीत रत्नमाला म्हणाली होती, "अजी, हा लाल दिवा काहून लागत नाही?"

मी म्हणालो होतो, "लाल दिवा नाही लागला तं चांगलंच हाय न. म्हणजे खराबी नाही."

नखाएवढा बल्ब. केवळरामने पाच मिनिटांत बदलला.

रविवारी भूपेंद्रने स्वतः चावी फिरवून पाहिली. लाल दिवा लागला, इंजिन सुरू झालं, दिवा विझला. तो एकटाच परत गेला. २९ मेला सकाळी तृप्तीला कळा सुरू झाल्या. जीप पहिल्या सेल्फमध्ये उठली. तुमसरला तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

केवळराम म्हणतो, वहिनी लेकीसाठी आल्या. तो पोरीच्या बारशालाही हेच बोलला. मी मान हलवली.

पण मला झोप येत नाही. ती तृप्तीसाठी आली होती, की तिचा जीव कशाने गेला ते मला दाखवायला...

परवा तृप्ती वरठीला गेली. घर रिकामं झालं. मी जीप सुरू केली, बोनेट उघडलं, आणि तिला हेच विचारलं. दोनदा विचारलं.

इंजिन नुसतं चालत राहिलं.