जोडून ठेवलेला फोन

हे ऐकून तुम्ही म्हणाल, याचं डोकं फिरलंय. म्हणा. मला काय फरक पडत नाय.

आमची ज्ञानू, धाकटी बहीण ज्ञानेश्वरी, फुलंब्रीला दिली होती. नवरा काकासाहेब, लई संशयी. बायको माहेरी बोलली की त्याचं टाळकं सरकायचं. म्हणून मायलेकींनी युक्ती काढली होती. स्वयंपाकाच्या वेळी ज्ञानू व्हॉट्सअ‍ॅपवर आईला कॉल लावायची अन् मोबाइल पिठाच्या डब्यामागं ठेवायची. बोलायचं कुणीच नाय. इकडं हर्सूलला आई भाकरी थापायची, तिकडं ती. एकमेकींच्या बांगड्या ऐकायच्या, बास.

त्या सकाळी मी कामावर निघायला डबा भरत होतो. फोनमधून भांडं आदळल्याचा आवाज आला. मग काकासाहेबाच्या शिव्या, मग धपाधप मार. ज्ञानू कळवळली अन् आईला राहवलं नाय.

"मारू नका हो तिला," आई ओरडली.

तिकडं एकदम शांत झालं. मग पिठाचा डबा सरकल्याचा आवाज आला.

आईच्या हातातला फोन मी ओढून घेतला, तसाच चालू खिशात कोंबला अन् गाडीला किक मारली. चौक्याच्या घाटात खिशातून दणके ऐकू येत होते... जड, ओले. मग ते बी थांबले. मी रडत होतो, त्याच्या सात पिढ्या उद्धरत होतो अन् गाडी पळवत होतो.

दार उघडंच होतं. करपलेल्या भाकरीचा वास सुटला होता. गॅसच्या ओट्याखाली ज्ञानू पडलेली, डोक्याचा पार चेंदा झालेला. शेजारी तिच्या मोबाइलचा चुरा, रक्तात भिजलेला. मी गुडघ्यावर बसलो, तिचा हात धरला. गार पडायला लागला होता.

तेवढ्यात माझ्या खिशातून ज्ञानूचा आवाज आला, अगदी हळू.

"दादा... मागं बघ."

मी वळलो. दाराआड उभ्या काकासाहेबानं हाणलेला वरवंटा डोक्याऐवजी खांद्यावर बसला. हाड मोडल्याचं ऐकू आलं मला. दुसऱ्या हातानं मी त्याचं नरडं धरलं. लोक धावून आले नसते तर तिथंच संपवला असता. संपवला नाय, याचाच राग येतो आजबी.

मोबाइलचा चुरा पोलिसांनी पिशवीत भरून नेला. पण आईच्या फोनवरचा कॉल अजून चालू आहे. आई तो चार्जिंगवरून काढत नाय, कुणाला कट करू देत नाय. तिकडून काहीच ऐकू यायचं नाय. आई नुसती त्याच्यापाशी बसून रडायची.

काल काकासाहेबाला जामीन झाला. मी आईला सांगितलं, तेव्हा फोन शेजारीच होता.

तेव्हापासून त्यातून आवाज यायलाय. कुणीतरी सावकाश विळ्याला धार लावतंय.