चार्जर गिरणीतच राहील

बिरूचा एडका गिरणीत शिरला आणि त्यानं मनीषाच्या टेबलावरचा पुठ्ठ्याचा डबा शांतपणे खाऊन टाकला. डब्यातला मनगटी पट्टा तेवढा त्यानं बाजूला काढून ठेवला, आवडला नसावा.

मनीषा आणि बिरूची ओळख झाली ती अशी.

जालन्याच्या एका संस्थेनं तिला चाल, चाललेली वाट, झोप आणि नाडी टिपणारे पट्टे दिले होते. तीर्थपुरीतल्या माणसांना रोजच्या कामात ते वापरता येतात का, हे तिनं बघायचं होतं. बाकीचे वाटून झाले होते. डब्याविना उरलेला हा शेवटचा पट्टा आता कुणाला द्यावा? समोर एक तरुण मेंढपाळ एडक्याच्या वतीनं शरमून उभा होता. तिनं त्याचा हात पुढे घेतला. पट्ट्याचं नेमकं भोक सापडेपर्यंत दोघांनीही श्वास घेतला नाही…

रानात वीज नाही, म्हणून चार्जर गिरणीतच राहील, आठवड्यातून एकदा यायचं, असं ठरलं.

बिरू दुसऱ्याच दिवशी आला. पट्टा मेलेला. तिसऱ्या दिवशीही तेच.

गिरणी मनीषाच्या मावशीची, नंदाबाईंची. जातं फिरायला लागलं की टेबल हलायचं, आणि चार्जिंगला लावलेला पट्टा ते हादरे पावलं म्हणून मोजत जागच्या जागी चालत सुटायचा. "पाव्हण्या, तुझ्या आधी पट्टाच अंबडला पोचंल," मावशी म्हणायची.

तोवर दोघं बोलत बसायची. कुठली मेंढी रुसते ते तो सांगायचा. ती लोकांच्या तक्रारी सांगायची. कांताबाईंचा पट्टा बांगड्यांत अडकायचा, म्हणून त्यांनी तो पायात घातला, जोडव्यांना शोभतो म्हणाल्या. एमआयडीसीत सळईच्या कारखान्यावर जाणाऱ्या अकिबभाऊचा पट्टा मोटारसायकलच्या हादऱ्यांनाच पावलं समजायचा. अकिबभाऊ बसल्या बसल्या जालन्याला चालत पोचायचा. बिरू हे सगळं डोळे मोठे करून ऐकायचा, आणि मनीषाला वाटायचं, आपल्याकडं असं कुणी बघितलंच नव्हतं कधी.

ती सगळ्यांना भाऊ म्हणायची. बिरूला नुसतं बिरू. मावशीच्या हे लक्षात आलं. त्या दिवशीचं दळण जाड निघालं.

ऊसतोड सुरू झाली तसा कळप चाऱ्यामागं अंकुशनगरकडं सरकला. बिरू तरी रोज यायचाच. पट्टा मेलेलाच.

मग एका दुपारी मनीषानं त्याला सांगून टाकलं. उद्या अहवाल द्यायचा होता. रोज संपणारा पट्टा म्हणजे काम फसलं; पुढचा टप्पा रद्द, आणि तिची नोकरीही. ती गाव सोडून कुठंतरी दुसरीकडं काम शोधणार होती.

बिरूनं चार्जरकडं बघितलं.

"पट्ट्यात खोट न्हाई," तो म्हणाला. "मीच संपवून राह्यलो त्याला."

पट्टा मिळाला त्या दिवसापासून तो प्रत्येक मेंढीच्या पायाला पट्टा लावून नाडी मोजत होता. एकीची झाली की दुसरीची. कळप संपेस्तोवर पट्टा संपत यायचा, आणि गिरणीपर्यंत येऊन मरायचा.

"पण कशासाठी?"

"संपल्याबिगर हितं यायचं कसं?"

मावशीनं गिरणी बंद केली. दळण अजून बाकी होतं.

मनीषानं मोबाइलवर पट्ट्याचा नकाशा उघडला. कळपाच्या एकेका मुक्कामावरून निघालेली एकेक रेघ — कालवा ओलांडून, उसाच्या फडांना वळसा घालून. कळप लांब गेला तशी रेघही लांबत गेलेली. आणि सगळ्या रेघा या टेबलाशी येऊन थांबलेल्या. अंगणवाडीतलं पोर सूर्य काढतं तशा. फक्त याचे किरण बाहेरून आत येत होते. तिचा अंगठा काचेवर तसाच राहिला.

"इतकं… इतकं चालत आलास?"

"रस्ता बरा हाय."

"आणि मेंढ्या?"

"दादा बघतो. शिव्या देऊन राह्यलाय, पर बघतो."

"मेंढ्यांची नाडी कशी निघाली?" तिनं विचारलं.

"समद्यांची बराबर हाय." तो जमिनीकडं बघत म्हणाला, "माझीच बिघडली."

तिनं अहवालात लिहिलं: पट्टा आठवडाभर टिकतो. मेंढीलाही चालतो. बिरूनं तो सोडून टेबलावर ठेवला. आता यायला कारण उरलं नव्हतं. तो दारापर्यंत गेला.

"बिरू."

तो वळला. मनीषा पट्टा घेऊन त्याच्यापर्यंत आली. भोक कुठलं ते आता तिला माहीत होतं, तरी तिनं शोधायला वेळ लावला.

"हा तुझ्याकडं ठेव," ती म्हणाली. "चार्जर इथंच राहील."

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा पट्टा काठोकाठ भरलेला होता. तिनं तरीही तो चार्जिंगला लावला. मावशीनं गिरणी सुरू केली. टेबल थरथरू लागलं, आणि थोड्या वेळानं इवल्याशा पडद्यावर, पावलं पुरी झाली म्हणून, शाबासकीच्या चांदण्या फुटल्या. पट्टा त्या दुपारी खूप लांबवर जाऊन आला.

ती दोघं मात्र कुठंच गेली नाहीत.